डबी बिघडली, भटूभाऊला धाडा

दुकानात कबाड जमतं ना, तसेच किस्सेही जमतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. एक जुनी वायर ठेवली, एक अर्धा स्क्रू ठेवला, 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणत गेलो, आणि एक दिवस बघतो तर बसायला जागा नाही! कबाड निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून म्हटलं, चहा येईपर्यंत तुम्हालाच सांगून मोकळं व्हावं.

आमचं सोलरचं दुकान नंदुरबारला, स्टेशनच्या रस्त्यावर रिक्षा वळतात त्या बोळात. दुकानात आम्ही तिघं. मी, म्हणजे ज्याच्या नावावर शटर आहे तो. माझा भागीदार भटूभाऊ, जो आधी मोटारींचं रिवाइंडिंग करायचा आणि आता छतांवर चढतो. आणि ज्योती, आयटीआय झालेली, दोन लेकरांची आई, दुकानाचा फोन आणि दुकानाची अक्कल दोन्ही तिच्याकडे. भटूभाऊ मला 'शेठ' म्हणतो. आदरानं नाही, चिडवायला.

आमच्याकडे येणारी तक्रार बहुतेक एकच असते, "डबी बिघडी गई!" डबी म्हणजे चार्ज कंट्रोलर. छतावर पॅनल, खाली बॅटरी आणि दोघांच्या मध्ये भिंतीवर ही छोटी डबी. बॅटरी भरली की ती 'पुरे' म्हणते, बॅटरी उतरली की लाइट बंद करते. बिचारी एवढंच करते. पण घरात काहीही झालं तरी खापर तिच्यावरच फुटतं, कारण घरात उलटून न बोलणारी ती एकटीच असते!

हे सगळे किस्से एका वर्षातले आहेत. भटूभाऊ आम्हाला सोडून सुरतेला जाणार होता, त्या वर्षातले.

*

सुरुवात पोळ्यापासून झाली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच हिंमतआप्पांचा फोन. आप्पांचं शेत शहराबाहेर, शेतातच घर, आणि घरावर आम्हीच बसवलेला सेट. दोन बॅटऱ्यांचा, जरा मोठा. "भटूभाऊ, डबी मरी गई! काल सकायपावत चांगली व्हती!"

आम्ही दोघं मोटारसायकलवर गेलो. भटूभाऊनं डबी पाहिली. काळीठिक्कर, एकही दिवा नाही. मग तो बॅटऱ्यांकडे वळला आणि तिथंच उकिडवा बसून राहिला. म्हणाला, "शेठ, आथा या. हाई देखा."

दोन्ही बॅटऱ्या न्हाऊन-धुऊन चकचकीत. अंगावर हळद-कुंकू, गळ्यात झेंडूच्या माळा, समोर पुरणपोळीचा नैवेद्य. आणि चारही टर्मिनलं, म्हणजे वायर जिथं जोडतात ते शिशाचे खुंट, लालभडक ऑइल पेंटनं रंगवलेले!

"आप्पा, हाई काय करं?"

बैल कधीच विकून बसलेले आप्पा शांतपणे म्हणाले, "बैल तं कव्हयना इकी टाकात. तुम्हनी वहिनी ताट लिसन हुभी, पुंजा कोनी करवं? मंग माले सुचनं. वरीसभर राबतस बिचाऱ्या. चारा नही मांगतस, कुरकुर नही करतस. पोयाले बैलले सुट्टी ऱ्हास, मंग यास्ले काब्र नही? वायरी सोडी दिध्यात, आंगोय घाली, शिंगडा रंगाडात. जोडीच शे ना!"

सुट्टी संपल्यावर आप्पांनी वायरी पुन्हा जोडल्या होत्या, पण रंगाच्या थरावर! आता रंगातून करंट जाणार कुठून? त्यातून आधी पॅनल जोडलं, मग बॅटरी. डबीला आधी बॅटरी दाखवावी लागते, नाहीतर ती गोंधळते. भटूभाऊनं चाकू काढला आणि खुंट खरवडायला बसला. एक झाला, दोन झाले, तीन झाले. आप्पांचा चेहरा उतरत चालला.

शेवटच्या खुंटाला चाकू लावला तसा आप्पांनी त्याचा हात धरला. "एक शिंग तरी रंगेल ऱ्हाऊ दे ना भाऊ! बरं दिखस!"

परत येताना भटूभाऊ हसून हसून गाडीवरून पडायचा बाकी होता. मग मागून म्हणाला, "शेठ, सुरतथीन शालकना फोन उना व्हता. त्याना कंपनीमा जागा शे. खुर्चीवरनी."

मी गाडी चालवत होतो, म्हणून त्याला माझं तोंड दिसलं नाही, ते बरं झालं.

*

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. इतकी वर्षं लोकांच्या पत्र्यांवर चढला, उन्हात भाजला, माकडांनी पाठलाग केला. आता एकदा पंख्याखाली बसून काम करावंसं वाटलं तर चूक काय? सुरत काय लांब नाही, रेल्वे दारातून जाते. अर्धा जिल्हा तिकडेच आहे. मी तोंडानं म्हणालो, "चांगलं झालं!" मनात म्हणालो, शालकाची गाडी पंक्चर होवो.

भटूभाऊ गेला म्हणून दुकान बंद पडलं नसतं. ज्योती होती, मी होतो. पण सकाळी शटर वर करताना जो हुरूप येतो ना, तो त्याच्यामुळे येतो हे मला पक्कं माहीत होतं. त्यानं जाऊ नये असं मला वाटत होतं आणि ते त्याला सांगायची माझी छाती नव्हती. झालं!

*

विसरवाडीच्या फाट्यावर रमणभाईंचं चहाचं हॉटेल. ट्रकवाल्यांसाठी अंगणात रात्रभर लाइट पाहिजे म्हणून भर दुपारी दुकानात आले. भटूभाऊनं त्यांना संध्याकाळी आपोआप लागणारा सेट दाखवला. पॅनलवर ऊन यायचं थांबलं की डबी समजते, दिवस मावळला, आणि लाइट लावते.

रमणभाई म्हणाले, "लाई दाखाड."

आता बाहेर टळटळीत ऊन! भटूभाऊनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि पॅनलवर टाकला. थोड्या वेळानं लाइट लागला. टॉवेल काढला, लाइट गेला. रमणभाई खूश. सेट गेला विसरवाडीला.

दिवाळीनंतर त्यांचा फोन. "भटूभाऊ, लाइट एकदम फस्क्लास शे. ट्रकवाला खूश शेतस. पन मन्हा गुडघा कामथीन गया. काही दुसरी सिस्टीम ऱ्हाई तं सांगा ना."

"गुडघा?" भटूभाऊला काही कळेना. "लाइटना नि गुडघाना काय संबंध?"

"मंग? रोज दिन बुडना का सिडी लावनी, पत्रावर चढनं, चादर टाकनी. सकाय परत चढनं, चादर काढनी. आते थंडी पडनी, सांधा धरी लेतस."

भटूभाऊनं फोन स्पीकरवर टाकला. ज्योतीनं तोंडात पदर कोंबला. "आहो रमणभाई, चादर काब्र टाकतस? अंधार पडना का तो आपोआप लागस!"

तिकडे बराच वेळ नुसते ट्रकचे हॉर्न. मग रमणभाई म्हणाले, "मंग तुम्ही त्या दिनले टॉवेल काब्र टाका?"

"तव्हय दुपार व्हती!"

आम्हाला वाटलं, आता शिव्या बसणार. पण रमणभाई आवाज खाली करून म्हणाले, "बरं, एक काम करा. शेजारना हॉटेलवालाबी तुम्हनाकडथीनच सेट लई गया ना? त्याले सांगू नका. मन्हं देखीसन तोबी रोज चादर लिसन चढी ऱ्हायना. आखो आठ दिन चढू द्या त्याले!"

*

ज्योतीचा किस्सा सांगितला नाही तर ती मला चहा देणार नाही.

फोनवरून फॉल्ट शोधण्यात तिचा हात कोणी धरणार नाही. कोणता दिवा लागलाय, लुकलुकतोय का, वायर कुठल्या बाजूची, असं विचारत विचारत ती माणसाला बरोबर स्क्रूपर्यंत नेते. एकदा एका काकांचा फोन आला. दुकानात चार गिऱ्हाइकं बसलेली.

"काका, डबीवर हिरवा दिवा आहे का लाल?"

"बेटा, माले त्यामधलं काही समजत नही."

"अहो, नुसता रंग सांगा."

"मी सांगसू काहीतरी नि तू समजशी काहीतरी. तूच बोल तिनासंगे. मी फोन धरी ठेवस." आणि काकांनी खरोखरच मोबाइल नेऊन डबीला लावला!

ज्योती इकडून ओरडतेय, "काका! हॅलो! काका!" तिकडून नुसती गुणगुण, मधेच कोंबडा. काकांनी डबीला बोलायला पुरेसा वेळ दिला. मग फोन कानाला लावून मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "काय सांगं तिनी?"

चारही गिऱ्हाइकं ज्योतीकडे बघतायत. ज्योतीनं एक श्वास घेतला आणि म्हणाली, "ती म्हणाली, बॅटरीची वायर ढिली झाली आहे. डावीकडचा स्क्रू आवळा."

काकांनी आवळला. लाइट लागला! आता तो स्क्रू ढिलाच असणार हे ज्योतीला अनुभवानं माहीत होतं. दहातल्या आठ तक्रारी तिथंच संपतात. पण काकांना ते कोण सांगणार? त्यानंतर त्यांचा जेव्हा जेव्हा फोन येतो तेव्हा नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट विचारतात, "देऊ का तिले फोन?"

भटूभाऊ त्या दिवशी म्हणाला, "सुरतले असा मानसं भेटतीन का रे?" मी पटकन म्हणालो, "नाही भेटणार!" तर ज्योतीनं माझ्याकडे असं पाहिलं, की जरा हळू बोला.

*

मग आला मिरचीचा हंगाम. नंदुरबारात त्या दिवसांत शिंकल्याशिवाय कोणी वाक्य पूर्ण करत नाही. मिरची वाळवायच्या पथाऱ्यांवर लाल सडा आणि बाजारात गाड्यांच्या रांगा.

छगनकाका तापीकाठचे गुजर शेतकरी. केळी, कापूस, थोडी मिरची. भला माणूस, पण हंगामात दलालाशी वाजलं की आठ दिवस डोकं गरम. तसेच एक दिवस बाजारातून रिकामी गाडी घेऊन थेट दुकानात. "भटू, बॅटरी फुगी गई. वास बी येस."

आम्ही गेलो. बॅटरीचं पोट टम्म फुगलेलं, तिचं पाणी पार आटलेलं. डबी भिंतीवर नाहीच! पॅनलची वायर सरळ बॅटरीला जोडलेली. डबी कोपऱ्यात पोत्यावर पडलेली, जणू घरातून हाकललेली.

"काका, डबी कोनी काढी?"

"मी काढी!" काकांनी छाती पुढे काढली. "पॅनल देस, बॅटरी लेस. मधमा हाऊ कोन? देनारा नि लेनारा समोरासमोर शेतस, मंग मधला दलाल कसाले पाहिजे? बाजारमा नही काढता येत, घरमातं काढी टाका!"

भटूभाऊनं फुगलेल्या बॅटरीवर हळूच थाप मारली. "काका, दलाल हाकली दिधा, चांगलं करं. पन पोतं भरायनं, आते बस कर, आसं सांगाले कोनी ऱ्हायनं का? तो देतच ऱ्हायना, हाई लेतच ऱ्हायनी. देखा, पोट कसं फुगनं!"

काकांनी पोत्यावरची डबी उचलली, धोतरानं पुसली आणि भटूभाऊच्या हातात दिली. "बसाड त्याले परत. पन त्याले सांगी ठेव, मापमा खोट करी तं परत काढसू!"

*

आता मुलाखतीचं ऐका.

कंपनीनं भटूभाऊची मुलाखत मोबाइलवर ठेवली, व्हिडिओ कॉल. शालकानं आधीच दम दिलेला, शर्ट इन करायचा, अहिराणी बोलायची नाही. भटूभाऊ वरून इस्त्रीचा शर्ट, खाली पायजमा असा स्टुलावर बसला. ज्योतीनं मोबाइल धरला. मी गिऱ्हाइकं यायला नकोत म्हणून अर्धं शटर ओढून दारात उभा, आणि मनात चाललंय की नेटवर्क जावं.

नेटवर्क कसलं जातंय! एरवी पैसे पाठवताना जे गोल गोल फिरतं, ते त्या दिवशी आरशासारखं स्वच्छ.

साहेब टाय लावलेले, तरुण, चेहरा गंभीर. चार प्रश्न झाले. भटूभाऊनं उत्तरं बरी दिली. मग साहेबांनी विचारलं, "चार्ज कंट्रोलर में सबसे कॉमन फॉल्ट कौन सा आता है?"

भटूभाऊ क्षणभरही न थांबता म्हणाला, "जमाई."

साहेब पुढे झुकले. "क्या?"

"जमाई, साहब. साल भर डबी अच्छी चलती. फिर आखाजी को, दिवाली को, जमाई आता. सास उसके वास्ते कूलर लगाती. साला बडा टीवी लगाता. जमाई खुद दो मोबाइल लगाता. लोड हो गया जास्ती, डबी बंद! अब जमाई को कौन बोलेगा? तो हमको फोन करते, के डबी खराब है. हम जाते, जमाई जाने तक बैठते, चाय पीते. जमाई गया, डबी चालू."

साहेब हसले नाहीत. टायची गाठ जरा सैल केली आणि म्हणाले, "मैं पिछले हफ्ते ससुराल गया था. वहाँ भी इन्व्हर्टर बंद हो गया." मग थोडं थांबून म्हणाले, "मुझे किसी ने कुछ बताया नहीं."

आणि तिथल्या तिथं भटूभाऊची निवड केली! आखाजी, म्हणजे आमची अक्षय्यतृतीया, झाली की येणाऱ्या सोमवारी हजर व्हायचं.

ज्योतीनं पेढे आणले. मी दोन खाल्ले. इतके बेचव पेढे मी आयुष्यात खाल्ले नव्हते.

*

चैत्राचं ऊन तापलं आणि सुमनवहिनींचा फोन आला. त्यांचे यजमान शाळेत शिक्षक, घर नीटनेटकं. फ्रीजला कव्हर, मिक्सरला कव्हर, टीव्हीच्या रिमोटला कव्हर. त्यांची डबी रोज दुपारी बंद पडायची आणि संध्याकाळी आपोआप चालू व्हायची.

भटूभाऊ आत गेला तर डबी दिसेचना. भिंतीवर जांभळ्या मखमलीची एक पिशवी, मणी लावलेली, झालर लावलेली, तळाशी नाडीनं घट्ट बांधलेली. डबी आत!

"वहिनी, हाई काढा. डबीले गरम व्हस. गरम व्हयनी का ती सोताले बंद करी लेस."

वहिनींना वाईट वाटलं. आठ दिवस बसून शिवलं होतं त्यांनी. पण कव्हर काढलं, डबी चालली. आम्ही निघालो.

दोन-चार दिवसांनी पुन्हा फोन, पण या वेळी गुरुजींचा. "भटूभाऊ, एकदा येऊन जा. डबी चांगली आहे. तुम्ही आमच्याकडे बघायला या."

गेलो. बाहेरच्या खोलीत गुरुजी घामानं निथळत, वर्तमानपत्रानं वारा घेत बसलेले. घरातला एकमेव टेबलफॅन स्टुलावर, त्याचं तोंड भिंतीकडे. सगळा वारा डबीला!

वहिनी म्हणाल्या, "तुम्हीच तं सांगं ना, तिले गरम व्हस!"

गुरुजी उठले, आमच्याजवळ आले आणि शाळेतली प्रमाण भाषा सोडून पोटातून बोलले, "वीस वरीस व्हयनात लगीनले. मन्हाकडे कव्हय असा पंखा फिरावा नही तिनी!"

आम्ही निघताना वहिनींनी ती मखमलीची पिशवी घडी करून भटूभाऊच्या हातात दिली. "ऱ्हाऊ द्या तुम्हनाकडे. सुरतले खूप डब्या ऱ्हातीन. पन तठे तुम्हले भाऊ कोन म्हनी?"

भटूभाऊनं पिशवी खिशात घातली.

*

आखाजी तोंडावर आली आणि भटूभाऊ जाणार ही बातमी गावोगाव पोचली. कशी पोचली ते मला माहीत नाही. दुकानाचा फोन ज्योतीकडे असतो एवढंच मला माहीत आहे.

आणि मग डब्या मरायला लागल्या! आज हे गाव, उद्या ते गाव. वर्षभर कुरकुर न केलेले सेट एकदम बंद. मी म्हणालो, मी येतो. "नही, भटूभाऊलेच धाडा." ज्योती म्हणाली, मी फोनवर सांगते. "नही, भटूभाऊलेच धाडा."

भटूभाऊ जायचा. कुठं स्विच बंद असायचा, कुठं वायर अलगद काढून बाजूला ठेवलेली असायची. ती जोडायला असा कितीसा वेळ लागणार? पण मग आमरस व्हायचा, सांजोऱ्या व्हायच्या, पोरंबाळं पाया पडायची, आणि हा संध्याकाळी परत यायचा तो पिशव्या भरून.

एक दिवस डोकं धरून बसला. "शेठ, मी जाई ऱ्हायनू तं बठ्ठ्या डब्या एकदम काब्र मरी ऱ्हायन्यात? माल खराब उना व्हई."

"माल खराब आलाय," मी म्हणालो. ज्योती सोल्डरिंग करत होती. तिनं मान वर केली नाही.

शनिवारी शेवटची तक्रार आली, कोरीटहून. मंछामायची. रविवारच्या गाडीचं तिकीट भटूभाऊच्या खिशात होतं. त्याच्या बायकोनं बॅग भरली होती. मी म्हणालो, राहू दे, मी बघून घेईन. तो म्हणाला, "मायनं काम शे, शेठ. चालतस का?" मी तेवढ्याची वाटच बघत होतो. ज्योतीही दुकानाला कुलूप लावून मागे स्कूटरवर आली. का आली, तर म्हणे मायच्या हातचा रस खायचा आहे.

मंछामाय एकटी राहते. पोरं, नातवंडं सगळी सुरतेला. घरात दोन लाइट, एक पंखा आणि डबी. अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला, गल्लीतल्या माहेरवाशिणी गाणी म्हणत झुलत होत्या. माय उंबऱ्यात उभी होती. भटूभाऊला बघताच म्हणाली, "उना का रे भो? देख, घरमा अंधार व्हई गया."

भटूभाऊनं डबीच्या खालची वायर हातात घेतली. गाडीत असतो तसा एक छोटा रंगीत फ्यूज त्या वायरीवर बसवलेला असतो. फ्यूज उडाला तर जळतो, पण जागेवरच राहतो. इथं जागा रिकामी होती. फ्यूजच नव्हता.

त्यानं खाली पाहिलं, फळीवर पाहिलं, बॅटरीमागे हात घालून पाहिलं.

"माय, फ्यूज कथा गया?"

"उंदीर ली गया व्हई," माय म्हणाली.

ती आमच्यासाठी पाट मांडायला वाकली. तिच्या पदराच्या टोकाला एक गाठ मारलेली होती आणि गाठीतून लाल प्लास्टिकचा एक कोपरा बाहेर आलेला होता. मी पाहिला. ज्योतीनं पाहिला. भटूभाऊनंही पाहिला, कारण त्यानं फ्यूज शोधायचं थांबवलं.

बाहेर पोरी गाणं म्हणत होत्या. भटूभाऊनं पिशवीतून पत्र्याचा डबा काढला. त्यात तो फ्यूज ठेवतो, लाल, निळे, पिवळे, सगळ्या साइजचे. झाकण उघडलं. आत काठोकाठ भरलेले. मग झाकण लावलं आणि डबा पिशवीत ठेवला. ठेवताना खुळखुळ असा वाजला.

"माय," तो म्हणाला, "मन्हाकडे फ्यूज नही. संपनात."

मायनं लगेच विचारलं, "मंग कव्हय लयशी?"

"बुधवारले."

मी म्हणालो, "अरे, सोमवारी तू..."

"सोमवारले बाजारमा भलती गर्दी ऱ्हास, शेठ," भटूभाऊ माझ्याकडे न बघता म्हणाला. "बुधवारलेच येसू, माय."

मायनं पदर खोचला आणि रसाचं पातेलं त्याच्यासमोर सरकवलं. "ये ना. पन जेवाले येजो, उशीर नको करू. फ्यूजनं काय, सापडी जाई."